मिरज-सांगलीत नवे आलात? ख्रिस्ती मंडळीत रुळण्याची वाट

मिरजेत आणि सांगलीत नवी माणसे येतच असतात. पावसाळ्याच्या तोंडावर नर्सिंगला प्रवेश मिळालेल्या मुली येतात, रेल्वेत बदली झालेली कुटुंबे येतात, कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी लागलेले तरुण खोली शोधत फिरतात, लग्न होऊन सुना येतात. दवाखान्यासाठी येणाऱ्यांना तर हंगाम असा नसतोच. अथणी, चिकोडी, जमखंडी, जत, सांगोला अशा कुठून कुठून लोक पेशंट घेऊन मिरज स्टेशनवर उतरतात आणि चार दिवसांसाठी आलेले महिनाभर अडकून पडतात. यातले जे ख्रिस्ती आहेत त्यांना पहिल्याच रविवारी प्रश्न पडतो, उपासनेला जायचे कुठे? जे ख्रिस्ती नाहीत, पण एकदा चर्चमध्ये जाऊन बसावे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांना वाटते, आपल्याला आत येऊ देतील का? दोघांसाठी हे लिहिते आहे.

माझे म्हणणे एकच आहे, ते आधीच सांगते. रविवारी येऊन बसणारा आणि उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद झाला की निघून जाणारा माणूस वर्षानुवर्षे पाहुणाच राहतो. ज्याने मंडळीचे, म्हणजे त्या चर्चच्या लोकांचे, एखादे काम हातात घेतले, तो दोन-चार महिन्यांत घरचा होतो. म्हणून उपासनेच्या रीतीभाती पुढे सांगितल्या आहेतच, पण जास्त जागा कामाला दिली आहे.

शनिवारीच चौकशी करा

आपल्या गावच्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, निघण्यापूर्वी विचारा. त्यांची इकडे कोणाशी तरी ओळख असतेच, आणि त्यांचा एक फोन तुमच्या चार आठवड्यांचे काम करतो. तसे कोणी नसेल तर ज्या चर्चमध्ये जायचे त्याच्या फलकावरची वेळ शनिवारी जाऊन पाहून या. मोबाइलच्या नकाशावर दिसणारी वेळ बरेचदा जुनी असते, आणि उन्हाळ्यात उपासना अर्धा-एक तास अलीकडे घेतात. मराठी उपासना बहुतेक ठिकाणी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान सुरू होते. सांगली-मिरज अंतर दहा किलोमीटरच्या आसपास आहे. रविवारी सकाळी सिटी बस कमी असतात, वडाप (शेअर जीप-रिक्षा) भरेपर्यंत हलत नाही, तेव्हा हातात वेळ ठेवून निघा.

तुम्ही कोणत्या परंपरेतून आलात त्यावर थोडा फरक पडेल. या भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने काम केले. त्यामुळे इथल्या जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या कारभारात पाळकांबरोबर ‘वडील’ (मंडळीतले जबाबदार ज्येष्ठ) आणि पंच कमिटी (कारभार पाहणारी समिती) यांना मोठे स्थान आहे. सातारा, वाई आणि नगरकडून येणाऱ्यांच्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या. पुण्या-मुंबईकडे अँग्लिकन वळण जास्त दिसते, तिथे छापील उपासनापद्धतीतून वाचायची सवय असते. १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तरी जुन्या सवयी ज्या त्या गावात टिकून आहेत. कुठे गुडघे टेकतात, कुठे उभे राहतात, कुठे बसूनच प्रार्थना करतात. शेजारचे काय करतात ते पाहा आणि तसेच करा, कोणी तुमच्याकडे टक लावून बघत नाही. कॅथलिक असाल तर मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, वेळा विचारा. तिथे फादरना भेटून आपली ओळख आणि आधीच्या धर्मग्रामाचे (पॅरिशचे) नाव सांगितले की पुढचे ते पाहतात.

पहिला रविवार

पंधरा मिनिटे आधी पोचा. मी नव्यांना सगळ्यात आग्रहाने सांगते ते हेच. उपासना सुरू झाल्यावर आलात तर मागच्या बाकावर बसाल, संपल्यावर गर्दीतून निघून जाल, आणि कोणाशी एक शब्द बोलणे होणार नाही. आधी आलात तर दारात उभे असलेले वडील किंवा महिला मंडळातली एखादी काकू ‘सलाम’ म्हणेल, ‘कुठून आलात?’ विचारेल. ‘जय ख्रिस्त’ म्हणणारेही भेटतील. ज्याने जसे म्हटले तसे उत्तर द्या.

कपडे स्वच्छ आणि साधे असावेत, एवढेच पाहतात. प्रार्थनेच्या वेळी बऱ्याच बायका पदर किंवा ओढणी डोक्यावर घेतात, विशेषतः वडीलधाऱ्या. तरुण मुली घेतातच असे नाही. चपला बाहेर काढायच्या की नाही हे दारातल्या चपला पाहून कळते. जुन्या लोकांत पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसायची रीत अजून दिसते, पण कुटुंबे एकत्र बसतात त्यालाही कोणी हरकत घेत नाही. लहान मूल बरोबर असेल तर कडेची जागा धरा. मूल रडले तर बाहेर नेऊन शांत करून परत या, लाजून घरी जाऊ नका. लेकरांचा आवाज असलेली मंडळी जिवंत असते असे मी मानते.

बरोबर पवित्र शास्त्र (बायबल) आणि ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक असेल तर न्या. नसेल तर दारात विचारा, जास्तीच्या प्रती ठेवलेल्या असतात. गीतांचे क्रमांक फळ्यावर लावलेले असतात किंवा पुढून सांगतात. पुस्तकात नुसते शब्द असतात, चाल मंडळीच्या तोंडी. त्यात इंग्रजी चालीची गीते आहेत आणि पेटी-तबल्यावर म्हणायची भजने, अभंग आणि पदेही आहेत. त्यातली पुष्कळ ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची. तुमच्या गावची चाल आणि इथली चाल वेगळी निघाली तर दोन कडवी नुसते ऐका, तिसऱ्याला सूर सापडतो.

उपासनेचा क्रम थोडक्यात असा: गीत, प्रार्थना, शास्त्रवाचन, विश्वासांगीकार (आपली श्रद्धा सगळ्यांनी मिळून म्हणणे), सूचना, दान, उपदेश, शेवटी आशीर्वाद. दानाची पिशवी किंवा तबक समोरून जाते. त्यात काय टाकायचे, किती टाकायचे, टाकायचे की नाही, हे फक्त तुमच्या मनाचे. पाहुण्याने काही टाकले नाही म्हणून कोणी वाईट मानत नाही. सूचनांच्या वेळी ‘आज कोणी नवीन आले आहेत का’ असे विचारले तर जागेवर उभे राहून नाव, गाव आणि इकडे येण्याचे कारण तीन वाक्यांत सांगा. ज्यांना उभे राहणे जड जाते त्यांनी आधीच दारात वडिलांना तसे सांगावे, ते तुमचे नाव घेणार नाहीत.

प्रभूभोजन असेल त्या दिवशी

पुष्कळ मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजन असते. भाकर आणि द्राक्षरस कुठे पुढे जाऊन घेतात, कुठे बाकांवर तबके फिरतात. बाप्तिस्मा आणि दृढीकरण (जाणत्या वयात आपला विश्वास मंडळीपुढे कबूल करण्याचा विधी) झालेल्यांनी ते घ्यायचे अशी प्रोटेस्टंट मंडळ्यांची साधारण रीत आहे. तुम्ही दुसऱ्या गावच्या मंडळीचे पूर्ण सभासद असाल तर इथेही घेऊ शकता, पण उपासनेआधी पाळकसाहेबांच्या कानावर घाला. कॅथलिक चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद फक्त कॅथलिकांनी घ्यायचा असतो.

ख्रिस्ती नसाल तर शांतपणे जागेवर बसून राहा. तुमच्यासारखे आणखीही बसलेले असतात: दृढीकरण न झालेली मुले असतात, काही वडीलधारे मनाची तयारी नाही म्हणून त्या दिवशी घेत नाहीत. त्यामुळे तुम्ही वेगळे दिसाल ही भीती मनातून काढून टाका.

संपल्यावर निघू नका

आशीर्वाद झाल्यावर पाळकसाहेब दारात हात मिळवायला उभे राहतात. तिथे फक्त ‘नवीन आहे, भेटायचे आहे’ एवढे सांगा. मागे रांग असते, सगळी हकीकत तिथे सांगायला वेळ नसतो. मग आवारात थांबा. चहा असेल तर घ्या. नव्या माणसाने दहा मिनिटे आवारात काढली की त्याला भाड्याची खोली, स्वस्त खाणावळ, मुलांची शाळा, चांगला दातांचा डॉक्टर, सगळ्याची माहिती मिळते. मी पाहिले आहे, आमच्या काकूंना ‘तुम्ही मूळच्या कुठल्या’ एवढे विचारले की दोन मिनिटांत दूरचे नाते निघते. जालन्याची असो, नगरची असो की नंदुरबारकडची, मराठी ख्रिस्ती माणसांत कोणाचा तरी मामेभाऊ कोणाच्या तरी सासरी निघतोच.

मुलींनी एक सांभाळावे. हॉस्टेलवर राहत असाल तर पहिल्या दिवशी नंबर महिला मंडळाच्या सेक्रेटरींना किंवा पाळकबाईंना (पाळकांच्या पत्नीला) द्या. त्या तुम्हाला तरुण संघाच्या गटात घेतील. कोणीही ओळख नसलेल्याने ‘घरी प्रार्थना आहे, ये’ म्हटले तर आधी पाळकबाईंना विचारा. ही काळजी घेण्यात कोणाचा अपमान नाही.

ज्या मंडळीत तुमच्याशी पहिल्या रविवारी कोणीच बोलले नाही, तिथे दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारीही जा. त्या दिवशी लग्न असेल, मयत झाली असेल, वार्षिक सभेची गडबड असेल. तीन वेळा जाऊनही कोणी विचारले नाही तर ती मंडळीची चूक आहे, तुमची नाही. तसे पाळकसाहेबांना स्पष्ट सांगावे. आम्हाला हे ऐकायला हवे असते.

पत्र, वही आणि दाखले

महिनाभर येऊन इथेच राहायचे ठरले की आपल्या जुन्या मंडळीकडून सभासदत्वाचे बदलीपत्र मागवा. ते पंच कमिटीपुढे ठेवतात आणि मग तुमचे नाव वहीत चढते. वार्षिक सभेत मत देता येते, पंच म्हणून उभे राहता येते. मासिक वर्गणी त्या दिवसापासून सुरू होते. शिकायला आलेल्या मुलामुलींनी नाव हलवायची गरज नाही, गावीच राहू द्या, इथे फक्त पत्ता आणि घरचा नंबर नोंदवा.

बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा दाखला आणि आईवडिलांच्या लग्नाचा दाखला यांच्या प्रती जपून ठेवा. लग्नाच्या वेळी लागतात. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे आणि त्यानुसार लग्नाची सूचना आधी द्यावी लागते. चर्चमध्ये ती रविवारच्या उपासनेत वाचून दाखवतात. त्यामुळे तारीख धरण्याआधी, हॉल बुक करण्याआधी, पाळकसाहेबांना भेटा.

आठवड्यात काय काय असते

रविवार सकाळी मुलांची संडे स्कूल, आठवड्यातल्या एका संध्याकाळी घरोघरची प्रार्थनासभा, महिला मंडळ, तरुण संघ, गायन मंडळ. घरोघरच्या प्रार्थनेला जरूर जा. दहा-बारा माणसे सतरंजीवर बसतात, दोन गीते, एक उतारा, ज्याला जे मनात आहे ते सांगून प्रार्थना. चर्चमध्ये महिनोन्महिने न कळणारी गोष्ट तिथे एका संध्याकाळी कळते: कोणाचा मुलगा नोकरी शोधतो आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे. नंतर चहा आणि पोहे. घर लहान आहे म्हणून आपल्याकडे प्रार्थना बोलवायला संकोचू नका. एका खोलीतल्या प्रार्थना सगळ्यात चांगल्या होतात.

आता कामाचे: दवाखान्यातल्या भेटी

मिरजेत मंडळीची सेवा कुठून सुरू होते असे विचाराल तर दवाखान्याच्या पायरीपासून. याला इतिहास आहे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. आधी त्यांनी सांगलीत लहानसा दवाखाना चालवला आणि १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले. लोक त्याला मिशन हॉस्पिटलच म्हणत आले. सांगली-मिरज रस्त्यावर क्षयरोग्यांसाठी जे आरोग्यधाम निघाले त्यावरून त्या भागाला वानलेसवाडी हे नाव पडले. मिरजेला दवाखान्यांचे गाव म्हणतात त्याची सुरुवात तिथली. पुढे १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, खासगी रुग्णालये वाढली, आणि आज कर्नाटकातून, सोलापूर-साताऱ्यातून माणूस मोठ्या आजाराला मिरजेचा रस्ता धरतो. पेशंटबरोबर जे नातेवाईक येतात त्यांचे हाल पेशंटपेक्षा कमी नसतात. आमच्या मंडळ्यांनी लक्ष घालायची जागा ती आहे.

तुम्हाला वेळ असेल तर दवाखाना भेटीच्या गटात नाव द्या. पहिले दोन-तीन वेळा अनुभवी माणसाबरोबरच जा. आधी वॉर्डच्या सिस्टरांची परवानगी घ्या, भेटीच्या वेळेतच जा, हात धुवा. पलंगावर बसू नका. ‘काय झाले आहे’ असे विचारू नका, त्यांना सांगायचे असेल तर ते सांगतील. दुसऱ्या डॉक्टरचे नाव, झाडपाला, ‘आमच्या एकाला असेच झाले होते’ या गोष्टी मनातच ठेवा. न विचारता खाऊ देऊ नका. कोणाला साखर असते, कोणाला उद्याच्या ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेले असते. दहा मिनिटांत उठा.

प्रार्थना करायची का? विचारून. ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का’ असे म्हणा. हो म्हणाले तर हळू आवाजात, थोडक्यात करा. नको म्हणाले तर तितक्याच आपुलकीने पाण्याची बाटली भरून आणा. पत्रके वाटू नका. आजारी माणूस उठून जाऊ शकत नाही, त्याच्या असहायपणाचा फायदा आपण घेतला असे त्याला क्षणभरही वाटता कामा नये. यात मी कोणालाही सवलत देत नाही.

बाहेर जिन्यात आणि आवारात बसलेल्या नातेवाइकांना मात्र पुष्कळ काही लागते. स्वस्तात झोपायची जागा कुठे आहे, कपडे कुठे धुता येतील, गरम पाणी कुठे मिळेल, मोबाइल कुठे चार्ज करायचा, भाकरी-भाजीचा डबा कोण देते. रक्तपेढीत काय कागद न्यायचे. अथणी-जमखंडीकडच्या म्हाताऱ्या बायकांना मराठी जेमतेम येते, तिथे कन्नड बोलणारा माणूस सोन्यासारखा. तुम्हाला कन्नड येत असेल तर पहिल्याच रविवारी ते सांगा, तुमच्यासाठी काम तयार आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्रांचा कक्ष असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन नातेवाइकाला तिथपर्यंत नेऊन पोचवणे, एवढ्यानेही कितीतरी घरांचे कर्ज टळते. ऑपरेशनचे पैसे भरून झाल्यावर जाऊन उपयोग नसतो, म्हणून पहिल्याच दिवशी विचारायला सांगा.

रक्तदान हे तरुणांसाठी सरळ काम आहे. वय १८ पूर्ण, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, आणि आधीच्या रक्तदानाला पुरुषांसाठी तीन, बायकांसाठी चार महिने झालेले हवेत. तरुण संघाकडे रक्तगटांची यादी असते. त्यात नाव द्या आणि फोन उचला. यादी मोठी असून फोन न उचलणारे जास्त असले की रात्री दोन वाजता यादीचा काही उपयोग होत नाही.

नर्सिंगच्या मुलींनो, तुम्ही आठवडाभर वॉर्डातच असता. रविवारी तुम्हाला पुन्हा दवाखान्यात पाठवणे मला पटत नाही. तुम्ही गाणे म्हणा, संडे स्कूल घ्या, झोपा.

पाणी चढते तेव्हा

सांगलीत राहायचे तर कृष्णेचे पाणी मोजायला शिकावे लागते. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले होते. आधी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड या भागांत पाणी शिरते. मिरज गाव उंचावर आहे म्हणून सांगलीतली पुष्कळ माणसे इकडे येतात. खोली भाड्याने घेताना ‘२०१९ ला पाणी कुठवर आले होते’ हे घरमालकाला नक्की विचारा. शेजाऱ्यालाही विचारा.

मंडळीचे पुराचे काम पाऊस सुरू व्हायच्या आधीच असते. पूरपट्ट्यात राहणाऱ्या कुटुंबांची यादी काढायची, त्यात एकटे म्हातारे, गरोदर बायका, अंथरुणाला खिळलेले कोण आहेत ते नोंदवायचे, कोणाला कोण आणायला जाणार ते ठरवायचे. शेजारचे हिंदू, मुसलमान घर या यादीत नसेल तर ती यादी अपुरी आहे. गल्लीची खरी माहिती अंगणवाडी सेविकेकडे असते, तिला विचारावे. नवा माणूस या कामाला फार उपयोगी पडतो, कारण घरोघर जाऊन वही भरता भरता त्याची सगळ्यांशी ओळख होते. सूचना महापालिका आणि जिल्हा प्रशासन देते, त्यांनी हलायला सांगितले की हलायचे. पाण्यात उतरून धाडस करायचे काम आपले नाही, ते बोटी आणि प्रशिक्षित जवानांचे आहे.

पूरग्रस्तांसाठी चर्चचा हॉल उघडला की पहिल्या दोन दिवसांत लागते ते पिण्याचे पाणी, कोरडे कपडे, चादरी, सॅनिटरी पॅड, बाळांचे दूध, रोजच्या गोळ्या. रक्तदाबाची, साखरेची गोळी घरी राहिलेला माणूस हमखास असतो. बाहेरगावचे नातेवाईक मदत पाठवतो म्हणाले तर त्यांना यादी पाठवा आणि जुने कपडे पाठवू नका असे निक्षून सांगा. फाटक्या कपड्यांचे ढीग निवडण्यात माणसे अडकतात, आणि पूरग्रस्ताच्या हाती उसवलेला शर्ट देणे हा त्याचा अपमान आहे.

पाणी उतरले की टीव्हीवाले जातात, मदतीचे टेम्पो कमी होतात, आणि खरे काम तेव्हा सुरू होते. घरभर गुडघाभर गाळ असतो. फावडी, खराटे, घमेली, ब्लीचिंग पावडर, गमबूट घेऊन चार-चार जणांच्या टोळ्या करा. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे घाण पाण्या-चिखलातून जडणाऱ्या आजाराची, भीती असते. आरोग्य विभाग सांगेल त्या गोळ्या त्यांच्या सल्ल्यानेच घ्या. आधी ज्यांच्या घरी कमावता हात नाही त्यांचे घर साफ करा, मग बाकीची. ओली कागदपत्रे फेकू नका, सावलीत पसरून वाळवा. पंचनाम्याला आणि नव्या रेशनकार्डाला लागतात. घर धुण्याआधी मालकाला त्याच्या घराचे, पाण्याच्या खुणेचे फोटो काढून ठेवायला सांगा. पण मदत घेणाऱ्या माणसाचा फोटो काढू नका. आपल्या पत्रकात छापायलाही नको.

आणि बदल्यात काही मागायचे नाही. चर्चला या असेही म्हणायचे नाही. आले तर दार उघडेच आहे.

सणांत नव्याने कुठे हात लावावा

डिसेंबर हा नव्यांसाठी सगळ्यात सोपा महिना. कॅरल फेरीसाठी आवाज लागतात, तारे लावायला उंच मुले लागतात, फराळाला हात लागतात. करंज्या, चकल्या, शंकरपाळी एका घरी दहा बायका बसून करतात, त्यात बसलात की वर्षभराच्या ओळखी होतात. शेजारच्या घरी फराळाचे ताट नेऊन द्यायचे काम लहान मुलांना द्या. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. लांब उपासना असते, पाणी पिऊन जा. ईस्टरला काही मंडळ्या पहाटे दफनभूमीत जमतात. आदल्या दिवशी तिथले गवत काढायला, कबरी धुवायला माणसे कमी पडतात, जरूर जा. ज्यांचे इथे कोणी पुरलेले नाही, त्यांनी एखादी बेवारस दिसणारी कबर साफ करावी.

ख्रिस्ती नसाल तर

उपासनेला येऊन बसल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही, आणि तुम्हाला जात-धर्म विचारून आत घेत नाहीत. ऐका, गा, प्रश्न विचारा. बाप्तिस्मा ही वेगळी आणि मोठी गोष्ट आहे. त्याआधी शिक्षण असते, पुष्कळ बोलणे असते, माणसाने स्वतः विचार करून, घरच्यांशी बोलून ठरवायचे असते. जो कोणी तुम्हाला घाई करेल, नोकरी-पैशाचे किंवा आजार बरा होण्याचे वचन देऊन बोलेल, त्याच्यापासून दूर राहा आणि पाळकसाहेबांना सांगा.

आपल्या शेजारच्या साताऱ्यात १९१७ मध्ये ना. वा. टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. दोन वर्षांत ते गेले आणि ते काम पुढे फार चालले नाही. पण दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आधी बसायला जागा द्यावी, हे त्यांनी या भागात करून दाखवले. दवाखान्याच्या भेटी, रक्तदान, पुराची यादी, यातले कोणतेही काम करायला तुमचे नाव चर्चच्या वहीत असायची गरज नाही. आमच्याबरोबर गाळ उपसणाऱ्यांत वहीत नाव नसलेले कितीतरी असतात.

पुन्हा बदली झाली तर

निघण्याच्या महिनाभर आधी पंच कमिटीला कळवा, म्हणजे बदलीपत्र वेळेत तयार होते. ते बरोबर न्या, टपालावर सोडू नका. तुमच्याकडे संडे स्कूलचा वर्ग, रक्तगटांची यादी किंवा हॉलची किल्ली असेल तर ती ज्याला द्यायची त्याला शेवटचे दोन-तीन रविवार बरोबर घेऊन काम दाखवा. शक्यतो तो माणूस नव्याने आलेला असावा.